बाबा गप्प का?

१९१५चं एक ब्रिटिश पोस्टर आहे. खुर्चीत बाबा, मांडीवर मुलगी, पायाशी खेळण्यातले सैनिक मांडणारा मुलगा. मुलगी विचारतेय, बाबा, महायुद्धात तुम्ही काय केलंत? बाबा आपल्याकडे बघतायत.

ब्रिटनमध्ये सक्तीची भरती १९१६मध्ये आली. तोवर मन वळवूनच सैनिक मिळवायचे होते. पण चित्रात शत्रू नाही, युद्धाचं कारणही नाही. कारण दिलं असतं तर ते खोडता आलं असतं. लेकीला काय खोडणार? (परत न आलेल्या बापाची मांडी तर चित्रात नाहीच.)

‘मला ते युद्धच पटत नव्हतं’ हेही उत्तर असू शकतं. चित्रकाराने बाबांना तेवढं बोलू दिलेलं नाही. माझा आक्षेप भावनेला नाही, याला आहे. ॲपवर सवलत नाकारताना ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असं बटण दाबावं लागतं, तेही याच घराण्यातलं.