पैशांचं काय केलंत?

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना मी 'लाडकी बहीण'चे १५०० रुपये जमा झाल्याचा मेसेज वाचून दाखवला आणि सहज विचारलं, "मग, काय करणार या पैशांचं?" लाटणं न थांबवता त्या म्हणाल्या, "तुमचा पगार झाला की मी विचारते का?"

मला उत्तर सुचलं नाही.

बेसिक इन्कम म्हणजे मूलभूत उत्पन्न. त्याच्या व्याख्येत पाच गोष्टी येतात: पैसे ठरावीक काळाने मिळावेत, रोख मिळावेत, कुटुंबाला नव्हे तर व्यक्तीला मिळावेत, सगळ्यांना मिळावेत आणि बिनशर्त मिळावेत. केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालात या कल्पनेवर एक अख्खं प्रकरण होतं.

लाडकी बहीण पहिल्या तीन कसोट्यांना उतरते: दरमहा, रोख, थेट बाईच्या खात्यात. अडते ती शेवटच्या दोन्हींवर. वय २१ ते ६५ हवं, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, दारात चारचाकी नको. पैसा मर्यादित आहे, तो गरजूंकडे जावा म्हणून अटी लागतात, हे मला पटतं. मला खटकतं ते नाव. योजनेचा शुभारंभ आपल्या बालेवाडीत १७ ऑगस्ट २०२४ ला झाला, राखीपौर्णिमेच्या दोन दिवस आधी. म्हणजे पैसे आले ते ओवाळणी म्हणून. ओवाळणी किती घालायची हे भाऊ ठरवतो, बहिणीने ती मोजायची नसते. याच महाराष्ट्राने १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने गावातल्या माणसाला काम मागायचा हक्क दिला होता. तिथे भाऊ नव्हता, कायदा होता.

"फुकटच्या पैशाने माणसं आळशी होतात," असं मीही म्हणायचो. पण कोथरूडला मी वडिलांच्या फ्लॅटमध्ये राहतो, भाडं देत नाही. हे १५०० च्या कितीतरी पट न कमावलेलं उत्पन्न झालं. त्यासाठी ना फॉर्म भरला, ना ई-केवायसी केली. आळशीही झालो नाही. उलट, त्या आधारावरच पहिली नकोशी नोकरी सोडू शकलो.

'नाही' म्हणायची हीच ताकद मावशींना मिळाली, तर आमच्याकडच्या पोळ्यांचा दर वाढेल. माझा विरोध बहुधा त्यालाच होता.

पुढच्या हप्त्याचा मेसेज आला, तेव्हा मी फक्त आकडा वाचून दाखवला.