तेरावं भूत कुणाचं?

लोडशेडिंगच्या दिवसांत औशाजवळच्या आमच्या गावात लाइट गेली की मी धाकट्या भावाला गोष्ट सांगायचो. विहिरीतून सात भुतं सुटलीत, एकेक पकडून परत कोंडायचंय. सहा कोंडून झाली. मग दहावी संपली, मी क्लासेससाठी लातूरला आलो आणि सातवं भूत मोकळंच राहिलं.

मागच्या दिवाळीत त्यानं विचारलं, "दादा, सातव्याचं काय झालं रे?" तो आता कॉलेजात आहे. मी म्हणालो, "अरे, ते उगं मनानं रचून सांगत होतो." तो हसला. पुढे काही बोलला नाही.

हे आठवायचं कारण स्कूबी-डू. एरवी त्यात शेवटी मुखवटा निघतो आणि आत माणूस सापडतो. पण 1985 मध्ये अमेरिकेत एबीसी वाहिनीवर 'द थर्टीन घोस्ट्स ऑफ स्कूबी-डू' आली, तिच्यातली भुतं खरी होती. शॅगी आणि स्कूबी फसून एक पेटी उघडतात, 13 भुतं सुटतात. नियम असा की, ज्यांनी पेटी उघडली त्यांनीच ती परत कोंडायची. 13 भाग झाले, 12 भुतं सापडली आणि मालिका बंद पडली.

तेराव्यासाठी चित्रपट आला तो 2019 मध्ये, 34 वर्षांनी. जादूगार व्हिन्सेंट व्हॅन घूलला आवाज देणारे व्हिन्सेंट प्राइस 1993 मध्येच गेले होते. आठ वर्षांचा प्रेक्षक बेचाळीसचा झाला होता. मग हा शेवट कुणासाठी?

कुणी म्हणेल, जुन्या आठवणी विकायचा धंदा. असेलही. कुणी म्हणेल, गोष्ट अर्धी राहिली म्हणून काय बिघडलं? काही गोष्टी खुशाल अर्ध्या राहाव्यात. पण आकडा सांगितला की शब्द दिल्यासारखं होतं. वेताळाच्या गोष्टी पंचवीस म्हटल्या की चोविसाव्यावर उठता येत नाही. श्रावणातली कहाणीसुद्धा 'सुफळ संपूर्ण' म्हटल्याशिवाय आजी जागची हलायची नाही.

जुन्या मालिकेत नसलेली वेल्मा या चित्रपटात आहे. ती म्हणते, भुतंबितं नसतात, त्या बारांचंही काहीतरी साधं कारण असणार. एरवी मी तिच्याच बाजूचा. पण मालिका बघणारी पोरं तेराव्याची वाट बघत होती, ती काही भूत खरं की खोटं हे ठरवायला नव्हे. भूत खोटं असू शकतं, वाट बघणं खोटं नसतं. घेतलेलं फेडायचं सोडून 'घेतलंच नव्हतं' म्हणावं, तसं मी दिवाळीत केलं. वेल्मा निदान खरं काय ते शोधत होती. मला फक्त सुटका हवी होती.

अंधारात माझा हात धरून ऐकणारं ते पोरगं आता नाही, हे कळतं. उशिरा सांगितलेला शेवट त्याच्यापर्यंत पोचणार नाही. तरी विहिरीचं झाकण मीच उघडलं होतं.

रविवारी गावी जातोय. सातवं भूत कसं कोंडायचं, ते अजून सुचलेलं नाही.