‘मान्यता’ : एका भाषांतराची नीती

इंग्रजीतील ‘रेकग्निशन’ या शब्दात पूर्वपरिचिताला ओळखणे, एखाद्याचा हक्क मान्य करणे आणि गुणांची कदर करणे असे किमान तीन अर्थ नांदतात. स्पॅनिशमधील ‘रेकोनोसिमिएन्तो’त ते बव्हंशी एकत्र राहतात, मराठीला मात्र निवड करावी लागते. ही निवड केवळ शैलीची नव्हे.

२००६च्या वनहक्क कायद्याच्या मराठी नावात ‘मान्यता’ आहे. आपल्या व्यवहारात मान्यता मिळते, तशी रद्दही होते. ती देणारा वरचा, घेणारा खालचा. ‘ओळखणे’ हे क्रियापद मात्र आधीच असलेल्याकडे निर्देश करते. कायद्याची प्रस्तावना वननिवासींवरील ऐतिहासिक अन्याय कबूल करते. म्हणजे हक्क पूर्वीचाच, नोंद तेवढी राहिलेली. देवरी तालुक्यातील चिचगडसारख्या जंगलपट्ट्यात दावा दाखल करणारा गोंड शेतकरी याचक की हक्कदार, हा प्रश्न या शब्दात दडलेला आहे.

‘ओळख’ हा शब्द कायद्याला पेलणार नाही, हा आक्षेप रास्तच. ओळखीतून बंधन निर्माण होत नाही; शिवाय कचेरीत ‘ओळख’ म्हणजे वशिला! तेव्हा ‘मान्यता’ राहो. परंतु निवडीत गळालेला अर्थ वाचकापुढे ठेवणे, हाही भाषांतरकाराचा धर्म होय.