मुक्या जिवाचा न्याय

आपल्या गावात अशी आळी क्वचितच सापडेल, जिथे दोनचार घरांच्या दाराशी कुत्रा नाही. वाडीची राखण, रात्रीची सोबत, मुलांचा हट्ट, परदेशी गेलेल्या मुलाने मागे ठेवलेले जनावर, अशी नाना कारणे असतात. कौलारू घरे जाऊन इमारती आल्या, तरी कुत्रा गेला नाही. ओट्यावरचा तो दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आला. आपण त्याला मोती, टायगर, टॉमी अशी नावे ठेवतो, ताटातला घास देतो आणि पाहुण्यांना कौतुकाने सांगतो, "हा आमच्या घरातलाच एक."

मग एखाद्या दिवशी लग्नाहून किंवा बाजारातून परत यावे, तर चप्पल फाडलेली, उशीचा कापूस घरभर पसरलेला आणि कुत्रा कोपऱ्यात कान पाडून, शेपूट पायांत घालून, नजर चुकवत बसलेला. घरातले कोणीतरी लगेच म्हणते, "बघा, त्याला कळतंय आपण काय केलंय ते!" आणि हात काठीकडे जातो.

बंधुभगिनींनो, आज या एका वाक्याचा विचार करू या. कुत्र्याला खरोखरच आपला अपराध कळतो का? आणि कळत नसेल, तर त्याला दिलेली शिक्षा कोणत्या न्यायात बसते? प्रश्न किरकोळ वाटेल. पण ज्याला आपली बाजू मांडता येत नाही आणि जो आपल्याला कधी जाब विचारणार नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो, यावरून आपल्या न्यायबुद्धीची खरी पारख होते.

अमेरिकेतील अलेक्झांड्रा होरोविट्झ या अभ्यासक बाईंनी २००९ साली याच प्रश्नावर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने कुत्र्यापुढे खाऊ ठेवायचा, "खायचे नाही" असे बजावायचे आणि खोलीबाहेर जायचे. मागे राहिलेल्या व्यक्तीने कधी तो खाऊ कुत्र्याला खाऊ द्यायचा, तर कधी स्वतःच उचलून घ्यायचा. परत आलेल्या मालकाला कधी खरे सांगितले जाई, कधी खोटे. म्हणजे काही कुत्र्यांनी खाऊ खाऊनही त्यांना शाबासकी मिळाली आणि काहींनी तोंड न लावताही बोलणी खाल्ली. निष्कर्ष असा निघाला की, आपण ज्याला 'अपराधी चेहरा' म्हणतो, तो कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो चेहरा दिसे. इतकेच नव्हे, तर ज्यांनी काहीच केले नव्हते आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांच्यात तो अधिकच ठळक दिसला.

तेव्हा कोपऱ्यातल्या त्या चेहऱ्यावर आपल्याला पश्चात्ताप दिसतो, पण तिथे असते ती भीती. मालकाचा आवाज चढला, पावलांची चाल बदलली, एवढे त्याला कळते. तीन तासांपूर्वी फाडलेली चप्पल आणि आत्ता बसणारा रट्टा यांची सांगड त्याला घालता येत नाही. तो फक्त एवढेच शिकतो की, घरधनी परत आला की कधीकधी मार बसतो. पुढच्या वेळी तो अधिक घाबरतो आणि आपण म्हणतो, "बघा, किती लबाड आहे!"

धर्मशिक्षणाच्या वर्गात बसणारे मूलही सांगेल की, गंभीर पाप घडायला केवळ वाईट कृत्य पुरेसे नाही. त्यामागे पूर्ण जाणीव आणि मनापासूनची संमती असावी लागते. माणसाचा न्याय करताना ख्रिस्तसभा या दोन गोष्टी आधी पाहते. मग ज्या जिवापाशी यांपैकी काहीच नाही, त्याला अपराधी ठरवून मारणे याला न्याय कसे म्हणावे? तिथे आपला राग मोकळा होतो, एवढेच. दिवसभराचा लोकलचा प्रवास, साहेबांची बोलणी, पैशाची ओढाताण, हे सारे त्या मुक्या पाठीवर उतरते. आणि हे घरातली लहान मुले पाहत असतात.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हाच धोका ओळखला होता. प्राण्यांशी क्रूरपणे वागणाऱ्याचे मन हळूहळू माणसांविषयीही निबर होते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यांच्या युक्तिवादात प्राण्यावरील दयेचे कारण मुख्यतः माणूस हेच आहे. पण ख्रिस्तसभेची शिकवण तिथेच थांबलेली नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २४१५ ते २४१८) प्राणी हे देवाची निर्मिती आहेत, केवळ आपल्या असण्यानेच ते देवाचे गौरव करतात आणि म्हणून आपण त्यांच्याशी ममतेने वागणे त्यांना देणे लागतो, असे सांगितले आहे. 'देणे लागतो' हे शब्द महत्त्वाचे आहेत. लहर असेल तेव्हा केलेले लाड म्हणजे हे देणे नव्हे. प्राण्यांना विनाकारण दुःख देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असेही तिथे म्हटले आहे.

पवित्र शास्त्रातही याचे धागे ठायी ठायी सापडतात. शब्बाथाची विश्रांती केवळ घरधन्यासाठी नव्हती. बैलाला आणि गाढवालाही ती मिळावी, असा नियम होता. जलप्रलयानंतर देवाने नोहाशी करार केला, तेव्हा त्यात तारवातून बाहेर आलेले प्राणीही होते. धार्मिक माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, असे नीतिसूत्रे सांगतात. आणि तोबितच्या ग्रंथात तरुण तोबिया राफाएल दूताबरोबर लांबच्या प्रवासाला निघतो, तेव्हा त्यांच्यासोबत कुत्राही चालू लागतो. शास्त्रलेखकाला त्या कुत्र्याचे काही मोठे काम सांगायचे नाही. तरीही त्याने त्याची नोंद केली.

आता देणे द्यायचे तर ते कसे? प्रथम त्याची भाषा समजून घेऊन. कुत्रा बोलत नाही असे आपण म्हणतो, पण तो अंगाने सतत बोलत असतो. झोप आलेली नसताना जांभई देणे, समोर खाणे नसताना ओठ चाटणे, मान फिरवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे, अंग आखडून घेणे, ही सारी अस्वस्थतेची लक्षणे आहेत. शेपूट हलली म्हणजे कुत्रा खूश, हेही नेहमी खरे नसते; अंग ताठ ठेवून, शेपूट उंच धरून ती हलवणारा कुत्रा चावूही शकतो. आणि गुरगुरणे म्हणजे उद्धटपणा नव्हे; "यापुढे येऊ नका" अशी ती सूचना आहे. गुरगुरल्याबद्दल मार खाणारा कुत्रा पुढे गुरगुरणे सोडून एकदम चावण्याचा धोका असतो. म्हणून लहान मुलांना हे दोन नियम तरी शिकवावेत: जेवत असलेल्या किंवा झोपलेल्या कुत्र्याला हात लावू नये, आणि अनोळखी कुत्र्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊ नये.

दुसरे म्हणजे, त्याला घरात आपली जागा असावी. एखादा कोपरा, जुनी चादर किंवा गोणपाट, जिथे तो गेला की त्याला कोणी छेडणार नाही. नवीन आणलेला कुत्रा पहिले काही दिवस खात नाही, लपून बसतो, रात्री रडतो. त्याची जागा, वास, माणसे सगळेच बदललेले असते. अशा वेळी त्याला पाहायला सारी आळी गोळा करू नये. खाण्याच्या, फिरण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. पुढे काय होणार हे कळले की कुत्रा शांत होतो. आईपासून फार लवकर तोडलेले पिल्लू तर आणूच नये; निदान आठ आठवडे ते आईजवळ असावे. एकटे राहण्याची सवयही हळूहळू लावावी लागते: आधी पाच मिनिटे, मग पंधरा, मग तासभर. ज्याला ही सवय नाही, तो दार ओरबाडतो, चप्पल फाडतो. त्यामागे सूड नसतो. कंटाळा असतो, किंवा एकटेपणाची धास्ती.

तिसरी गोष्ट फटाक्यांची. माणसाला सुमारे वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. दिवाळीत, नाताळच्या मध्यरात्री, ३१ डिसेंबरला आणि लग्नाच्या वरातीत तो थरथरत पलंगाखाली शिरतो, तेव्हा त्याला ओढून बाहेर काढू नये. खिडक्या लावाव्या, पंखा किंवा रेडिओ सुरू ठेवावा, जवळ बसावे. आणि ज्यांच्या घरी कुत्रा नाही, त्यांनीही आपल्या आनंदाचा धमाका किती मोठा असावा, याचा विचार करावा. आळीतली तान्ही बाळे आणि आजारी वृद्ध त्याबद्दल आभारच मानतील.

राहिला प्रश्न साखळीचा. "सोडला तर राखण कशी करील?" असे विचारले जाते. चोवीस तास दोन हात साखळीला बांधलेला कुत्रा बहुधा चिडका होतो. शहाणा राखणदार होत नाही. आपल्या देशाच्या कायद्यानेही याची दखल घेतली आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० सालच्या कायद्यात, कुत्र्याला नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवणे आणि त्याला पुरेसे फिरवून न आणणे हा गुन्हा मानला आहे.

इथे कोणी रास्त शंका काढील: माणसे उपाशी असताना कुत्र्याचे एवढे कौतुक कशाला? शंकेत तथ्य आहे. ज्या धर्मशिक्षणग्रंथाचा उल्लेख वर केला, तोच पुढे सांगतो की, माणसांचे दुःख दूर करायला जो पैसा आधी लागायला हवा, तो प्राण्यांवर उधळू नये आणि माणसाच्या वाट्याचे प्रेम प्राण्याला देऊ नये. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी सृष्टीच्या जपणुकीवर २०१५ साली 'लाऊदातो सी' हे परिपत्रक लिहिले. त्यांनीच जानेवारी २०२२ मध्ये मुलांऐवजी कुत्री-मांजरे पाळणाऱ्या जोडप्यांना कानपिचक्याही दिल्या. कुत्र्याचा वाढदिवस केक कापून करावा आणि मोलकरणीच्या मुलाच्या वह्यांना पैसे नसावेत, हे ख्रिस्ती घराला शोभणारे नाही. श्रीमंताच्या दाराशी पडलेल्या लाजराची गोष्ट आपण जाणतो. त्याच्या फोडांना चाटायला कुत्री आली. घरातला माणूस काही बाहेर आला नाही.

पण वर सांगितलेल्या गोष्टींना पैसा किती लागतो? एक कोपरा, एक जुनी चादर, दिवसातून दोनदा फेरी आणि थोडा संयम. खर्च होतो तो लसीचा, आणि तो टाळू नये, कारण तो शेजाऱ्यावरील प्रेमाचा भाग आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून कुत्र्याला दरवर्षी लस द्यावी. आणि कोणाला चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची लावत बसू नये.

या आठवड्यात घरच्यांनी एकत्र बसून, रोझरी झाल्यावर, स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. आपल्या दाराशी असलेला जीव आपल्याला पाहून जवळ येतो तो प्रेमाने की धाकाने? आणि घरात आणखी कोण आहे, ज्याची भीती आपण अपराध समजून बसलो आहोत? मार्क कमी पडलेले मूल, हातून भांडे फुटलेली सून, अंथरूण ओले करणारे म्हातारे बाबा? कान पाडून बसलेल्या कुत्र्याकडे पाहून आधी "काय झालं असेल?" असे विचारण्याची सवय लागली, तर हा प्रश्न माणसांनाही विचारायला आपण शिकू. देवाने आपल्याला सृष्टीवर अधिकार दिला तो कारभारी म्हणून. कारभाऱ्याला एक दिवस हिशेब द्यावा लागतो, आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांचाही हिशेब त्यात असणार.