वंशावळीत योसेफाचे नाव



नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या मिस्सासाठी मत्तयच्या शुभवर्तमानातील येशूची वंशावळ नेमलेली आहे. अब्राहामापासूनच्या ४२ पिढ्यांची नावे ऐकताना आपण कंटाळतो. पण आज स्वतःची वंशावळ शोधण्याची हौस मात्र वाढत आहे. नळीत थुंकी भरून कंपनीकडे पाठवायची, म्हणजे काही आठवड्यांनी डीएनए चाचणीचा अहवाल येतो: पूर्वज इतके टक्के इथले, इतके टक्के तिथले. परदेशी गेलेल्या मुला-नातवंडांमार्फत ही हौस श्रीरामपूर, राहाता, संगमनेरच्या घरांत यायला वेळ लागणार नाही.

ही चाचणी काय सांगते? आईकडून निम्मा आणि वडिलांकडून निम्मा अंश आपल्याला मिळतो. पण कोणता निम्मा, हे प्रत्येक लेकराचे वेगळे. म्हणून सख्ख्या भावंडांचे अहवालही जुळत नाहीत. टक्केवारी हा इतरांच्या नमुन्यांशी ताडून काढलेला अंदाज असतो. नमुने वाढले की आकडेही बदलतात. जवळचे नाते मात्र ही चाचणी अचूक ओळखते, आणि घर हादरते ते तिथेच.

आपल्याच महाराष्ट्रातील बेने इस्राएल समाजाचे उदाहरण घेऊ या. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात ते तेल गाळत, मराठी बोलत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पुढे त्यांतील पुष्कळजण इस्राएलला गेले, तेव्हा तेथील काही धर्माधिकाऱ्यांनी विवाहाच्या वेळी त्यांच्या कुळाविषयी शंका घेतली. मोठे आंदोलन झाले आणि १९६४ साली तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदीच असल्याचे म्हटले. २०१६ साली त्यांच्या डीएनएचे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यांच्यात यहुदी आणि भारतीय असे दोन्ही अंश भरपूर आढळले. म्हणजे परंपरा अगदीच निराधार नव्हती, आणि कुळ निव्वळ एकाच रक्ताचेही नव्हते. पण अहवाल येण्याच्या कितीतरी आधीपासून ते बेने इस्राएल होते, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी शब्बाथ पाळला होता.

आपले काय? एकोणिसाव्या शतकात जर्मन येशूसंघीय धर्मगुरू नगर जिल्ह्यात आले, तेव्हा स्नानसंस्कार घेणारे आपले बहुतेक पूर्वज गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहत होते. ते लपवावे असे आजही काहींना वाटते. अहवालात एखादा परदेशी अंश सापडला तर मिरवावा, असाही मोह होईल. मत्तयने असे काही लपवले नाही. त्याने तामार लिहिली, यरीहोची वेश्या राहाब लिहिली, परकी मवाबी रूथ लिहिली, उरियाची पत्नीही लिहिली. तारणारा याच घराण्यात आला.

आणि ही वंशावळ थांबते कुठे? योसेफापाशी. येशू योसेफाच्या रक्ताचा नव्हता, तरी त्यानेच बाळाचे नाव ठेवले, त्याला घेऊन रातोरात मिसर देश गाठला, सुतारकाम शिकवले. नाझरेथचे लोक येशूला सुताराचा मुलगा म्हणत.

म्हणून चाचणी करण्याआधी घरात मोकळेपणाने बोलू या. मूल दत्तक असेल तर ते त्याला आईबापांच्या मायेच्या तोंडून कळावे, कंपनीच्या कागदावरून नव्हे. आणि एखादे जुने गुपित उघडे पडलेच, तर गेलेल्या आजीची चारचौघांत चर्चा करू नये आणि घरातल्या लेकराला परके करू नये. ज्याने रात्री जागून ताप उतरवला, शाळेची फी भरली, हाताला धरून मिस्साला नेले, तो कालही बाप होता आणि आजही आहे. खऱ्या आईवडिलांचा शोध घ्यावासा वाटणाऱ्या मुलालाही कृतघ्न म्हणू नये, त्याच्याबरोबर चालावे.

स्नानसंस्काराच्या पाण्याने आपल्या सर्वांना एका पित्याची लेकरे केले आहे. त्या घरात आपण सगळेच दत्तक आहोत, असे संत पौल शिकवतो. हरेगावची मतमाउली आणि संत योसेफ आपल्या कुटुंबांना एकमेकांशी सत्य बोलण्याचे धैर्य आणि ते पेलण्याची माया मिळवून देवोत. आमेन.