फटके ज्याचे त्याने मोजावेत

गोल्फ या खेळाविषयी मराठी मध्यमवर्गीय माणसाचं मत ठरलेलं आहे. हा खेळ निवृत्त सेनाधिकारी, कंपन्यांचे डायरेक्टर आणि हिंदी सिनेमातल्या नायिकेचे वडील यांनी खेळायचा असतो. ज्या खेळात कुणी धावत नाही, कुणी 'आउट' म्हणून ओरडत नाही आणि चेंडू लांब गेला तर शेजारच्या काकूंची काच फुटत नाही, त्याला खेळ म्हणावं की सकाळचा फेरफटका, असा प्रश्न आपल्याला पडतो. तरीही दर जुलैत चार दिवस मी टीव्हीसमोर ठाण मांडून ब्रिटनची 'ओपन' गोल्फ स्पर्धा पाहतो. पाहतो ते निव्वळ नैतिक कारणासाठी. (हे विधान आमच्या घरात अद्याप कुणालाही पटलेलं नाही.)

नैतिक कारण असं, की या खेळात स्वतःचा गुन्हा स्वतःच जाहीर करायची पद्धत आहे. आपल्या गल्लीतल्या क्रिकेटचा कायदा तुम्हाला ठाऊकच आहे. बॅटला लागून झेल गेला, तिन्ही इमारतींनी आवाज ऐकला, तरी अंपायरचं बोट वर जाईपर्यंत फलंदाज आकाशातल्या घारी मोजत उभा राहतो. शिवाय अंपायर फलंदाजाच्याच बाजूचा. उलट गोल्फमध्ये चेंडू गवतात जरासा हलला, आसपास चिटपाखरू नाही, तरी गडी आपणहून म्हणतो, "माझा एक फटका वाढवा." ओपनमध्ये आता रेफरी बरोबर चालतात, कॅमेरे तर गवताच्या पात्यापर्यंत पोचलेत. पण मूळ रिवाज तोच. तुमचे आकडे तुमचा सोबती लिहितो, त्याचे तुम्ही, आणि शेवटी सही ज्याची त्याने करायची. खऱ्यापेक्षा कमी आकड्यावर सही केली तर स्पर्धेतून बाहेर. जास्त आकड्यावर केली तर तो जास्तीचा आकडाच कायम! आमच्या सोसायटीच्या हिशेबाला हा नियम लावला, तर खजिनदार व्हायला कुणी उभाच राहणार नाही.

ही स्पर्धा सुरू झाली 1860 साली, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रेस्टविकला. मैदान बारा भोकांचं. आठ खेळाडूंनी एका दिवसात त्याच्या तीन फेऱ्या मारल्या आणि विली पार्क 174 फटक्यांत जिंकला. बक्षीस काय, तर लाल चामड्याचा पट्टा. लागोपाठ तीन वर्षं जिंकेल त्याला पट्टा कायमचा, असा नियम केला होता. असे नियम करताना पुढे कुणी ते मनावर घेईल असं वाटत नसतं. टॉम मॉरिस नावाच्या पोरसवदा खेळाडूने 1868, 69 आणि 70 अशी तीन वर्षं जिंकून पट्टा घरी नेला, आणि 1871 साली द्यायला काहीच नाही म्हणून स्पर्धाच झाली नाही. मग तीन क्लबांनी दहा-दहा पौंड वर्गणी काढून चांदीचा चंबू करवला. तोच पुढे जगप्रसिद्ध झाला. वर्गणीतून काही टिकाऊ निघाल्याचं हे बहुधा एकमेव उदाहरण.

तेव्हापासून आजवर चौदा मैदानांवर ही स्पर्धा झाली. सगळी समुद्रकाठची, वाऱ्याची, वाळूची. सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान तर सार्वजनिक. रविवारी एरवी तिथे खेळ बंद असतो आणि गावकरी कुत्री घेऊन फिरतात. म्हणजे चौपाटीच ती, फक्त भेळ नाही. कार्नूस्टीला शेवटच्या भोकापाशी एक ओढा आडवा येतो. तीन फटक्यांची आघाडी असलेला फ्रान्सचा व्हान डी व्हेल्ड 1999 साली त्या ओढ्यात बूटमोजे काढून उतरला आणि हातातली स्पर्धा घालवून बसला. आणि बर्कडेलला 1983 साली हेल आयर्विनने जे केलं, ते तर मी भेटेल त्याला सांगतो. चेंडू भोकापासून दोन-तीन इंचांवर. नुसतं ढकलायचं. याने एका हाताने सहज टिचकी मारायला काठी नेली, ती जमिनीला लागून उडाली आणि चेंडूला स्पर्शही न करता वरून गेली. आयर्विनने तो फटका मोजला. शेवटी स्पर्धा हरला, ती बरोबर एका फटक्याने!

हे मी आमच्या शेजाऱ्यांना सांगितलं. शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले तिकीट तपासनीस. अख्खी वाडी त्यांना टीसीसाहेब म्हणते. पस्तीस वर्षं लोकलच्या दारात उभं राहून त्यांनी माणसाच्या प्रामाणिकपणाचा जेवढा अभ्यास केला, तेवढा एखाद्या तत्त्वज्ञानेही केला नसेल.

"कॅमेरा होता ना तिथे?" त्यांनी विचारलं.

"होता, पण—"

"मग न मोजून सांगतो कुणाला?"

मी दुसरं उदाहरण काढलं. अमेरिकेच्या 1925च्या स्पर्धेतलं. बॉबी जोन्सचा चेंडू उंच गवतात किंचित हलला. कुणी पाहिलं नाही. पंच म्हणाले, आम्हाला दिसलं नाही. तरी याने फटका वाढवून घेतला, त्यामुळे बरोबरी झाली आणि जादा फेरीत तो हरला. लोक कौतुक करायला लागले तेव्हा तो वैतागला. बँक न लुटल्याबद्दल माणसाचं कौतुक करतात काय, अशा अर्थाचं काहीतरी बोलला.

टीसीसाहेब प्रथमच खूश झाले. "हा खरा! तिकीट काढून बसलो म्हणून सत्कार मागणारे भेटलेत मला गाडीत." मग जरा विचार करून म्हणाले, "पण काय हो, एवढा विश्वास टाकणारे हे क्लबवाले खेळाडूंना वागवायचे कसे?"

इथे मात्र माझी पंचाईत झाली. कारण 1860 साली प्रेस्टविकने दुसऱ्या क्लबांना पत्रं धाडली होती, ती चांगल्या चालचलणुकीचे म्हणून माहीत असलेले कॅडी पाठवा अशी. फटके मोजण्यापुरती सचोटी मान्य, पण क्लबच्या इमारतीत शिरायला पोटासाठी खेळणारा चालत नसे. डीलला 1920 साली वॉल्टर हेगनला कपडे बदलायलाही आत घेईनात. त्या पठ्ठ्याने भाड्याची मोटार थेट क्लबच्या दारात उभी केली आणि तिच्यात कपडे बदलले. तीन वर्षांनी ट्रूनला बक्षीस समारंभासाठी आत बोलावलं, तर हा जमलेल्या लोकांना घेऊन दारूच्या गुत्त्याकडे वळला. आणि बायका? सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने त्यांना सभासद करून घ्यायचं ठरवलं 2014 साली, म्यूरफील्डने 2017 साली.

"म्हणजे चेंडू हलला की लगेच कळतं यांना," आतून सौ. म्हणाली, "बाकीचं कळायला दीडशे वर्षं."

विषय बदलावा म्हणून मी माझी सर्वांत आवडती जोडगोष्ट काढली. सँडविच नावाच्या गावी (हो, गावाचंच नाव) 1949 साली हॅरी ब्रॅडशॉ या आयरिश गड्याचा चेंडू फुटक्या बिअरच्या बाटलीत जाऊन बसला. अधिकाऱ्याला विचारलं असतं, तर कदाचित चेंडू उचलायची मुभा मिळाली असती. याने विचारलं नाही. पडला तिथून खेळायचा, एवढंच त्याला ठाऊक. डोळे मिटून घाव घातला, काचा उडाल्या, चेंडू थोडासा सरकला. त्या भोकाला सहा फटके गेले. शेवटी बॉबी लॉकशी बरोबरी झाली, आणि जादा फेऱ्यांत लॉक जिंकला.

तोच लॉक 1957 साली सेंट अँड्र्यूजला शेवटच्या भोकापाशी उभा. सोबत्याच्या वाटेत येऊ नये म्हणून त्याने आपली खूण काठीच्या पात्याएवढी बाजूला सरकवली, आणि परत जागेवर न आणता चेंडू भोकात घातला. कुणाच्या लक्षात आलं नाही, त्याच्याही नाही. सही झाली, चंबू मिळाला, आणि मग फिल्ममध्ये सगळं दिसलं. नियमाने दंडाचे दोन फटके, आणि ते न धरता सही केली म्हणून स्पर्धेतून बाद. दुसरा आलेला पीटर थॉमसन 1954 ते 56 सलग जिंकलेला, 58लाही जिंकला. लॉकला काढलं असतं तर त्याची ओळीने पाच झाली असती. पण समितीने ठरवलं, की लॉक तीन फटक्यांनी पुढे होता, त्या चुकीतून त्याला काही मिळालं नाही, तेव्हा खेळाची भावना पाहून निकाल कायम.

मला हा निर्णय फार थोर वाटतो. नियम माणसासाठी, वगैरे मी बोलणार होतो.

"लॉक त्याआधी किती वेळा जिंकला होता?" टीसीसाहेब म्हणाले.

"तीनदा."

"आणि तो पहिल्यांदाच आलेला कुणी पोरगा असता तर?"

मी गप्प. सौ. चहा घेऊन आली. तिने कप पुढे केला आणि सहज विचारलं, "टीसीसाहेब, तुम्ही नाही कधी कुणाला सोडलं?"

टीसीसाहेबांनी बशीत चहा ओतला. बराच वेळ तो निववत बसले.

"एकदा एका मास्तरांना सोडलं, वहिनी. पास आदल्या दिवशी संपलेला. आपणहून दाखवला, म्हणाले लक्षात राहिलं नाही. मी म्हटलं, जा. त्याच डब्यात पुढे एक पोरगा होता. कळकट शर्ट. त्याचाही पास आदल्याच दिवशी संपलेला. त्याला पावती फाडली."

"तो काही बोलला नाही?"

"नाही. पैसे मोजून दिले, सुटे."

"त्याच्याही लक्षात नसेल राहिलं."

"मी विचारलंच नाही," टीसीसाहेब म्हणाले, आणि टीव्हीकडे बघायला लागले. तिथे एक लांबोडका गडी वाळूच्या खड्ड्यात उतरून चेंडूभोवती फेऱ्या घालत होता.