कमरेला काय लावायचं ते नंतर बघू

उभा राहा. बस म्हणून मी सांगितलेलं नाही.

काल फोनवर विचारलंस, "सर, रोज कमरेला लावायला पिस्तूल घ्यायचंय, कोणतं घेऊ? शर्टाखाली दिसायला नको असं हलकं सांगा." मला विचारलंस, कारण शाळेत एनसीसीच्या पोरांना पॉइंट टू-टू रायफल मी शिकवली. पण त्या पोरांना मी आधी काय शिकवायचो, ते विसरलास. रायफल हातात येण्याआधी महिनाभर नुसती कवायत. रिकामी रायफलसुद्धा माणसाकडे रोखली की त्या दिवसापुरता रेंजवरून बाहेर. तू त्या तुकडीत होतास. म्हणून तुझ्यावर जास्त चिडलोय.

आधी कारण सांग. धोका कोणापासून आहे? नाव सांग. धमकी कधी आली, कोणासमोर आली, पोलिसांत तक्रार दिलीस का, पोच घेतलीस का? काल हे सगळं विचारलं तेव्हा तू म्हणालास, "तसं काही नाही सर, धंद्यात असलेलं बरं असतं." गंगाखेडकडे चार गाड्या चालतात तुझ्या. जिंतूर रोडवर प्लॉटिंग काढलंस. एवढ्यावर जिवाला धोका होत नाही. तुला हवाय तो दरारा. वसमत रोडच्या मंगल कार्यालयात मित्राची एअरगन कमरेला खोचून फोटो काढून घेत होतास, ते मी पाहिलंय. शर्ट मुद्दाम एका बाजूने वर केलेला होता. आणि मला सांगतोस, दिसायला नको!

कायदा काय म्हणतो ते ऐक, कारण तू तो वाचलेला नाहीस. 1959 चा शस्त्र अधिनियम शेतकऱ्याला पीक राखायला ठासणीची बंदूक किंवा संरक्षणासाठी लांब नळीची साधी बंदूक देताना थोडा मोकळा हात ठेवतो. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरला तो मोकळेपणा नाही. तिथे सबळ कारण दाखवावं लागतं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, चौकशी पोलिसांची, डॉक्टरांचा दाखला, हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण. नाइन एमएम, जे तू सिनेमात पाहिलंस, ते निषिद्ध बोअरमध्ये येतं. तुला मिळणार नाही. आणि 2016 च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि तुझ्या ताब्यात हवं. झाकून ठेवणं ही परवानाधारकावर घातलेली अट आहे. ज्या दिवशी तू ते चारचौघांत काढून दाखवशील, त्या दिवशी परवाना गेला म्हणून समज. वरातीत हवेत बार काढलास आणि त्याने लोकांच्या जिवाला धोका झाला, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शेजारच्या बीड जिल्ह्याकडे बघ. 9 डिसेंबर 2024 ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. त्यांना उचलून नेऊन मारहाण करून मारलं, गोळी घालून नाही. त्यानंतर बीडच्या शस्त्रपरवान्यांकडे सगळ्या महाराष्ट्राची नजर गेली. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी तेव्हा आकडे मांडले: बीडमध्ये 1222 परवाने आणि आपल्या परभणीत 32. त्याच दिवसांत परळीत हवेत गोळीबार केल्याचे व्हिडिओ फिरत होते. पुढे बीडच्या प्रशासनाने शंभरावर परवाने रद्द केले. आता मला सांग, एवढी हत्यारं असलेल्या जिल्ह्यात माणसं जास्त निर्धास्त झोपत होती का? तुला आपला जिल्हा तसा करायचाय का?

आणि कमरेचं हत्यार शेवटी कोणावर चालतं, याचा दाखला आपल्याच मराठवाड्यातला आहे. अंबाजोगाईच्या महाजनांच्या घरातला. 22 एप्रिल 2006 च्या सकाळी वरळीत प्रवीण महाजन यांनी सख्ख्या भावावर, प्रमोद महाजन यांच्यावर गोळ्या झाडल्या. पिस्तूल पॉइंट थ्री-टूचं, परवान्याचं. चोरून आणलेलं नव्हतं, गावठी नव्हतं. प्रमोदजी 3 मे रोजी गेले, पुढच्या वर्षी प्रवीण यांना जन्मठेप झाली, 2010 मध्ये तेही गेले. भावाभावांतल्या रागाला हाताशी पिस्तूल नसतं, तर तो राग शब्दांवर गेला असता, फार तर अबोल्यावर. तुझं आणि तुझ्या थोरल्या भावाचं बांधावरून काय चाललंय, ते मला गावातून कळतं. म्हणूनच हे नाव घेतलं.

2 फेब्रुवारी 2024 ला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, अधिकाऱ्याच्या दालनात, एका आमदाराने जमिनीच्या वादातून समोरच्यावर गोळ्या झाडल्या. पोलीस ठाण्यात! तुझ्या प्लॉटिंगच्या बैठका कुठे होतात? रात्री, धाब्यावर.

अपघाताचंही ऐक. 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे अभिनेता गोविंदा यांच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून त्यांच्याच पायात गोळी गेली. बाहेर निघण्याच्या गडबडीत ते हत्यार कपाटात ठेवत होते. माणूस वाचला. तुझ्या घरात पाच वर्षांची मुलगी आहे. ती तुझ्या खुंटीवरच्या पँटीचे खिसे चाचपते, मी डोळ्यांनी पाहिलंय, चॉकलेट शोधत होती. मे महिन्यात बेचाळीस अंशांत तू दुपारी घरी येऊन घामाने भिजलेला पट्टा कुठे टाकतोस? खाटेवर. रोज, दर दुपारी, न चुकता ते हत्यार कुलपात ठेवणार आहेस का? गाडीची चावी तुला सापडत नाही कधी.

निवडीचंच म्हणत असशील तर तेही सांगतो, म्हणजे सरांनी टाळलं असं म्हणणार नाहीस. ज्याला खरा धोका आहे आणि ज्याचा परवाना झालाय, अशा नवख्या माणसाने रिव्हॉल्व्हर घ्यावं. पिस्तुलाची स्लाइड ओढायची, मॅगझीन नीट बसलंय का पाहायचं, गोळी अडकली तर मोकळी करायची, हे घाबरलेल्या हाताला जमत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये एक काडतूस फुसकं निघालं तर ट्रिगर पुन्हा ओढता येतो. सरकारी कारखान्याचं पॉइंट थ्री-टू मिळतं. 2014 मध्ये कानपूरहून आलेलं 'निर्भीक' अर्ध्या किलोचं, सहा गोळ्यांचं, तेव्हाच लाखाच्या वर किंमत. पण हलकं हत्यार हातात जास्त उसळतं, हे दुकानदार सांगत नाही. ट्रिगर झाकणारं घट्ट होल्स्टर हवं; नुसतं पट्ट्यात खोचलेलं मोटरसायकलवर सरकतं, आणि ते सावरायला गेलेलं बोट नको तिथे पडतं. घामाने लोखंड गंजतं, म्हणून आठवड्याला साफ करून तेलाचा हात. आणि सराव. परवान्यावर काडतुसांचा आकडा मोजून लिहिलेला असतो. मग सराव कुठे आणि कशावर करणार? सरावाशिवायचं हत्यार समोरच्याच्या हातात जातं.

बरं, चाललंच तर पुढे काय? भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, कलम 34 पासून 44 पर्यंत. पण पोलिसांकडे जायला सवड होती तर तो हक्क उरत नाही, आणि बचावापुरतं लागेल त्याहून जास्त इजा केलीस तर तू आरोपी. जीव जाण्याची किंवा जबर जखमेची रास्त भीती होती, हे कोर्टात दाखवावं लागतं. कोणी शिवी दिली, कॉलर धरली, हप्ता मागितला, एवढ्याने गोळी माफ होत नाही.

परवाना लवकर मिळत नाही म्हणून कुणीतरी तुला मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या उमर्टीकडच्या गावठी कट्ट्याचं सुचवलंय, हेही माझ्या कानावर आलंय. विनापरवाना हत्यार सापडलं की किमान दोन वर्षं आत, पाचपर्यंत. बायको-पोरगी कोणाच्या दारात ठेवणार आहेस?

आता नीट ऐक. तुला कोणी खरंच धमकावलं असेल तर आज संध्याकाळी ये, तक्रार मी स्वतः लिहून देतो, ठाण्यात तुझ्यासोबत येतो आणि पोच घेतल्याशिवाय हलणार नाही. रोकड रात्री गाडीत फिरवणं बंद कर, व्यवहार बँकेतून कर. भावाला घेऊन ये, बांधाची मोजणी सरकारी भूमापकाकडून करून घेऊ. आणि अर्जाला जोडायला वर्तणुकीचं जे शिफारसपत्र तू माझ्याकडे मागितलंस, ते मी देणार नाही.